सियागंजात शिरण्याआधी: घरच्या वर्कशॉपसाठी वेल्डर आणि बॅटरीची हत्यारं

इंदूरच्या सियागंजात, म्हणजे हत्यारांच्या बाजारात, वेल्डिंग मशीन मागितलं की समोरून पहिला प्रश्न येतो, “भिया, कित्ते एम्पियर की?” आपण दोनशे म्हणावं तर काउंटरवर अडीचशेचं खोकं येतं, आणि किंमत बऱ्याचदा दोनशेवाल्यापेक्षा कमीच असते. बॅटरीच्या ड्रिलचंही तेच. १८ व्होल्ट मागितलं तर ४८ दाखवतात, पुढच्या दुकानात ८८. आकडा जितका मोठा तितका माल हलका, असा काही नियम नाही, पण घरच्या गिऱ्हाइकासाठी मांडलेल्या मालात तो बराचसा लागू पडतो. म्हणून खोकं वाचण्यात वेळ घालवू नये. मशीनच्या पाठीवर किंवा पोटाखाली चिकटवलेली रेटिंग प्लेट वाचावी. आणि तिच्याही आधी घरातला मीटर आणि बोर्ड बघून घ्यावा.

आधी काम, मग लोखंडाची जाडी

कागदावर लिहून काढा की पुढच्या वर्षभरात खरोखर काय करणार आहात. सुदामानगर-लोकमान्यनगरकडच्या घरांत ही यादी साधारण ठरलेली असते: कुलरचा स्टँड, मागच्या दाराची जाळी, गच्चीवर कुंड्यांचं रॅक, गेटचं तुटलेलं बिजागर, जिन्याखाली सामान ठेवायला एखादी फ्रेम. यात मोठ्या मशीनचं काम एकही नाही. झोपाळ्याचं हूक आणि गॅलरीचं रेलिंग मात्र यादीतून सरळ खोडा. माणसाचा भार ज्या टाक्यावर, म्हणजे वेल्डिंगच्या जोडावर, येणार, तो पहिल्या दोन वर्षांत आपण मारू नये.

आता जाडी. आपण जो चौरस पाइप आणतो तो बहुतेक १८ किंवा १६ गेजचा, म्हणजे अनुक्रमे १.२ आणि १.६ मिमीच्या आसपास. १४ गेज म्हणजे २ मिमी. कुलरच्या स्टँडला लागणारा अँगल ३ ते ५ मिमीचा. रॉड, म्हणजे होल्डरमध्ये धरून वितळवायची वेल्डिंगची कांडी, हासुद्धा बाजारात नंबरानेच मागतात: १२ नंबर म्हणजे २.५ मिमी, १० नंबर म्हणजे ३.१५ मिमी, ८ नंबर म्हणजे ४ मिमी. १२ नंबरला ६० ते ९० अँपिअर लागतात, १० नंबरला ९० ते १३०. आठ नंबरची घरी गरज पडत नाही. म्हणजे वरची सगळी यादी ७० ते १२० अँपिअरमध्ये उरकते. मशीनने एवढा करंट अडखळत नव्हे, आरामात दिला पाहिजे.

एक गोष्ट नवशिक्यांना उलटी वाटते. जाड अँगल जोडणं सोपं आणि पातळ पाइप जोडणं कठीण. १८ गेजला पहिल्याच दिवशी भोकं पडतात. त्यामुळे पहिल्या कामासाठी मुद्दाम १६ किंवा १४ गेजचा पाइप घ्या. किलोमागे भाव तेवढाच पडतो, वजन थोडं वाढतं, आणि मनस्ताप निम्म्याने कमी होतो. पातळ पाइपला लांब टाका ओढायचा नाही. दीड-दोन सेंटिमीटरचा टाका, मग थांबायचं, मग दुसऱ्या टोकाला जायचं.

घरचा बोर्ड काय सोसेल

या टप्प्यावर लोक सर्वांत कमी वेळ घालवतात. खरं तर मशीनची निवड इथेच होते.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट सिंगल फेज येतं आणि गिझरचा पॉइंट १६ अँपिअरचा असतो. आता हिशेब करू. रॉडच्या वेल्डिंगमध्ये आर्कचा, म्हणजे रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या विजेच्या झोताचा, व्होल्टेज साधारण २० अधिक करंटच्या ०.०४ पट धरतात. ८० अँपिअरला तो २३ व्होल्टच्या थोडा वर, म्हणजे आर्कमध्ये सुमारे १.८५ किलोवॅट. साध्या इन्व्हर्टर मशीनची, म्हणजे हलक्या इलेक्ट्रॉनिक वेल्डरची, कार्यक्षमता ८५ टक्के आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरोखर कामी येणारा हिस्सा) ०.७ धरला, तर भिंतीतून साडेतेरा अँपिअर ओढले जातात. शंभर अँपिअरला हाच आकडा १७-१८ वर जातो. म्हणजे १२ नंबरचा रॉड गिझरच्या पॉइंटवर चालेल, १० नंबरच्या रॉडला एमसीबी कुरकुर करायला लागेल.

हाच हिशेब अडीचशे अँपिअरला लावून बघा. ३० व्होल्ट गुणिले २५० म्हणजे साडेसात किलोवॅट नुसते आर्कमध्ये. भिंतीतून ५० अँपिअरहून जास्त लागतील. घरच्या प्लगातून ते यायचे नाहीत. तेव्हा सोळा अँपिअरची पिन लावलेलं मशीन जर अडीचशे अँपिअरचा दावा करत असेल, तर दाव्याची किंमत तुम्हीच ठरवा.

वायरमनला बोलावून मुख्य डीबीपासून (एमसीबींच्या पेटीपासून) वर्कशॉपपर्यंत वेगळी लाइन ओढून घ्या: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २५ अँपिअरचा एमसीबी आणि शेवटी पत्र्याच्या डब्यातलं मेटल-क्लॅड प्लग-सॉकेट. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर तोही याच वेळी बसवून घ्या. वायरमन बहुधा त्याला ईएलसीबीच म्हणेल. अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत पोचतं आहे का, ते तपासून घ्या. जुन्या वाड्यांमध्ये तिसऱ्या भोकात वायरच नसते. वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो दोन किलोवॅट असेल तर आधी पश्चिम क्षेत्र वीज कंपनीकडे वाढवून घ्या. स्मार्ट मीटर लागला असेल तर कमाल मागणी त्यात नोंदली जातेच. आणि घरच्या जोडणीवर घरचंच काम करा. शेजाऱ्यांची गेटं पैसे घेऊन दुरुस्त करायला लागलात की ते व्यावसायिक वापरात मोडतं.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल. कुलरसाठी घेतलेली १ चौरस मिमीची वीस मीटर वायर १५ अँपिअरवर पावणेबारा व्होल्ट खाऊन टाकते. २.५ चौरस मिमीची तेवढीच वायर पाचाच्या आत राहते. शिवाय गुंडाळी पूर्ण सोडून वापरायची. रीळावर गुंडाळलेली वायर भार आला की आतून तापते आणि वितळते. घरच्या बॅटरी-इन्व्हर्टरवर वेल्डर लावण्याचा विचारही करू नका.

रेटिंग प्लेट कशी वाचायची

आता दुकानात जायला हरकत नाही. तेलाचा जुना ट्रान्सफॉर्मर वेल्डर कोणी स्वस्तात देत असेल तर नमस्कार करून परत या. मशीन अमर असतं, पण दोन माणसांनी उचलावं लागतं आणि घरचे दिवे मंद करतं. घराला इन्व्हर्टर वेल्डरच हवा. वजन चार ते आठ किलो, खांद्यावर अडकवून गच्चीवर नेता येतो. आतले इलेक्ट्रॉनिक स्विच आयजीबीटी जातीचे की मॉसफेट जातीचे यावर दुकानदार व्याख्यान देईल. आज घ्यायचं तर आयजीबीटी घ्या आणि पुढे चला.

प्लेटवर ‘एक्स’ या अक्षरापुढे टक्के लिहिलेले असतात आणि त्याखाली अँपिअर. ही ड्युटी सायकल. ६० टक्क्यांना १६० अँपिअर याचा अर्थ, दहा मिनिटांच्या फेऱ्यात त्या करंटवर सहा मिनिटं आर्क चालेल आणि चार मिनिटं मशीन थंड व्हायला लागेल. करंट उतरवला की ही मुदत झपाट्याने वाढते, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तेच मशीन १२४ अँपिअरला न थांबता चालायला हवं. आणि २०० अँपिअरला २० टक्केच लिहिलं असेल तर अखंड चालण्याचा करंट ८९ वर येतो. आपल्याला लागतात ७० ते १२०. या दोन्ही मशीनच्या खोक्यांवर २०० हाच आकडा असू शकतो.

ही चाचणी ४० अंश तापमानाला धरून केलेली असते. मे महिन्यात इंदूरच्या गच्चीवर सावलीतसुद्धा तेवढं असतं, उन्हातलं विचारूच नका. म्हणून उन्हाळ्यात प्लेटवरच्या आकड्यातून थोडं कापूनच धरा. अर्थात रॉडने काम करणाऱ्याने ड्युटी सायकलची फार धास्ती घेऊ नये. १२ नंबरचा रॉड मिनिटभरात संपतो, मग टाक्यावरची स्लॅगची कवची झोडा, ब्रश मारा, नवा रॉड लावा, पाइप फिरवा. यात मशीन आपोआप विश्रांती घेतं. आणि ज्या प्लेटवर ‘एक्स’च नाही, ते मशीन कितीही सुंदर असो, परत ठेवा.

हॉट स्टार्ट (आर्क धरताना क्षणभर जादा करंट) आणि अँटी-स्टिक (रॉड चिकटला की करंट कमी) या दोन सोयी नवशिक्याला खरोखर उपयोगी पडतात. व्हीआरडी असेल तर दोन पैसे जास्त द्या. रॉड टेकलेला नसतानाही होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यात ते जाणवत नाहीत, पण जुलैच्या ओल्या गच्चीवर घामेजल्या हाताला जाणवतात. व्हीआरडी तो व्होल्टेज खाली आणतं. डिजिटल आकडा दाखवणारा पडदा म्हणजे नुसती हौस. खरा करंट दाखवतो याची खात्री नसते. त्याऐवजी होल्डरची आणि अर्थ क्लॅम्पची केबल हातात धरून बघा. स्वस्त मशीन इथेच मार खातं. केबल दीड मीटरची, वर जाड रबर आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. तीन मीटरची तांब्याची केबल वेगळी विकत मिळते. ती लगेच घ्या.

रॉडच्या बाबतीत इंदूरकरांना लांब जायला नको. डी अँड एच सेचेरॉन ही रॉडची कंपनी याच शहरातली. एसाब आणि अ‍ॅडॉरचे रॉडही सहज मिळतात. ६०१३ हा प्रकार मागा आणि पुड्यावर आयएस ८१४ चा शिक्का बघा. ७०१८ जास्त मजबूत हे खरं, पण तो दमट हवेत भिजतो आणि त्याला २५० अंशांच्या वर भाजून वापरावं लागतं. घरच्या ओव्हनचं ते काम नाही. ६०१३ चा फोडलेला पुडासुद्धा पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा.

६०१३ ला होल्डर अधिक टोकाला लावा किंवा उणे टोकाला, दोन्ही चालतं. पातळ पाइपला होल्डर उणेवर ठेवलेला बरा. आत शिरणं कमी होतं आणि भोकं कमी पडतात.

मिग, टिग आणि मोह

मिग मशीन, म्हणजे रॉडऐवजी रिळावरची तार आपोआप पुढे सारणारं आणि गॅसच्या आडोशात जोडणारं, सुरेख टाका मारतं आणि शिकायला सोपं आहे. पण त्यासोबत सिलिंडर येतो, रेग्युलेटर येतो, गॅस भरायच्या खेपा येतात. कारच्या पत्र्याचं काम करायचं असेल किंवा १८ गेजची भरपूर कामं असतील तर मिग घ्या. गॅसविना चालणाऱ्या फ्लक्स-कोअर, म्हणजे पोटात फ्लक्सची पूड भरलेल्या, तारेचं मशीन गच्चीवर सोयीचं, कारण वाऱ्याने गॅस उडायचा प्रश्नच नाही. मात्र त्या तारेला टॉर्च उणे टोकावर लागतो आणि गॅसच्या साध्या तारेला अधिक टोकावर. मशीनमध्ये हा बदल करायची सोय नसेल तर गॅसविना तार फटफट उडत राहील आणि तुम्ही करंटला शिव्या देत बसाल. तीन-इन-वन मशीनमधलं टिग (टंगस्टनच्या टोकावर आर्क धरायची पद्धत) बहुधा डीसी असतं. स्टीलला ठीक, अ‍ॅल्युमिनियमला उपयोग नाही, त्याला एसी टिग लागतं. पहिलं मशीन रॉडचंच घ्यावं, या मतावर मी ठाम आहे.

बॅटरी: हत्यार नव्हे, घराणं निवडायचं

बॅटरीच्या हत्यारात पहिली खरेदी ड्रिलची असली तरी तुम्ही खरं तर बॅटरीशी लग्न लावत असता. पुढची दहा वर्षं ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ, ब्लोअर त्याच बॅटरीवर चालणार. म्हणून त्या घराण्यात काय काय मिळतं, सुटं हत्यार बॅटरीविना विकतात का, आणि शहरात सर्व्हिस सेंटर आहे का, हे आधी विचारा.

घराण्यांच्या आतही भाऊबंदकी असते. बॉशची निळी व्यावसायिक १८ व्होल्टची बॅटरी त्याच कंपनीच्या हिरव्या हत्याराला बसत नाही. मकिताची १८ व्होल्टची एलएक्सटी आणि ४० व्होल्टची एक्सजीटी एकमेकींत चालत नाहीत. डीवॉल्टचं मात्र अमेरिकेतलं २० व्होल्ट मॅक्स आणि युरोपातलं १८ व्होल्ट एक्सआर हे मुळात एकच. कारण साधं आहे. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने जोडलेले, म्हणजे १८. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ वर जातो, त्यामुळे भार नसताना २०-२१ दिसतात. तीन सेलवाल्याला याच न्यायाने १२ म्हणतात, खरा आकडा १०.८.

मग ४८ आणि ८८ कुठून आले? कुठूनच नाही. ते मॉडेलचं नाव समजा. अशी बॅटरी उघडली तर आत बहुधा तेच पाच किंवा दहा सेल निघतात. तुम्हाला उघडायची गरज नाही, वजन करा. १८६५० आकाराचा एक सेल ४५ ग्रॅमच्या आसपास असतो, आणि त्यात सहसा फार तर साडेतीन अँपिअर-तास मावतात. दहा सेल म्हणजे दोन ओळी, म्हणजे फार तर सात. या आकाराच्या दहा सेलच्या बॅटरीवर १५००० एमएएच छापलेलं असेल तर ते छापखान्याचं कौतुक आहे. चार अँपिअर-तासाची खरी दहा सेलवाली बॅटरी सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. तळहातावर फुलासारखी वाटली तर आत पाचच सेल आहेत.

बॅटरीवर काय घ्यायचं आणि वायरवर काय, याला माझ्या लेखी एकच कसोटी आहे: हत्यार एका दमात किती वेळ चालतं. १८ व्होल्ट गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-तास. सातशे वॉटचं ग्राइंडर पूर्ण भारावर त्यात सहा मिनिटं चालेल. कुलरच्या स्टँडचे टाके घासून साफ करायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ड्रिलचं काम मात्र सेकंदांचं: एक भोक, एक स्क्रू, मग थांबणं. ती ७२ वॉट-तासांची बॅटरी ड्रिलला दिवसभर पुरते. म्हणून ड्रिल बॅटरीवर आणि ग्राइंडर वायरवर, निदान पहिल्या दोन वर्षांसाठी. वेल्डिंगच्या शेजारी ग्राइंडर लागतोच आणि तिथे प्लग आधीच ओढलेला आहे.

ड्रिल ब्रशलेस घ्या. कार्बन घासायचा नाही, तेवढ्याच बॅटरीत जास्त काम, आणि तापणंही कमी. टॉर्क ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असला की लोखंडात ८-१० मिमीचं भोक पडतं, अर्थात आधी ३ मिमीचं पाडून, कमी वेगावर, तेलाचा थेंब टाकून. विटांच्या भिंतीला हॅमर मोड पुरतो. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये मात्र तो नुसता ओरडतो. तिथे एसडीएस-प्लसचा (खाचांच्या बिटचा) रोटरी हॅमरच हवा, आणि वर्षातून दोनदा लागणारी ही वस्तू कुणाकडून तरी मागून आणणं शहाणपणाचं. इम्पॅक्ट ड्रायव्हर लाकडाची आणि पत्र्याच्या शेडची बरीच कामं असतील तरच. मोठ्या स्क्रूंना त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण कान बधिर होतात.

बॅटरीची खरी वैरी उष्णता. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा स्कूटरच्या डिकीत मे महिन्यात ती ठेवायची नाही. घरात, सावलीत, साधारण अर्धी चार्ज करून ठेवा. काम संपल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरला लावू नका. आणि वर्कशॉपसाठी एका मोठ्या बॅटरीपेक्षा दोन मध्यम घ्या, म्हणजे एक चार्जरवर असताना दुसरी चालते.

ग्राइंडरचं थोडं जास्तच

कारण घरच्या वर्कशॉपमध्ये मला सर्वांत धोक्याचं वाटणारं यंत्र हेच आहे, वेल्डर नव्हे. आपल्याकडे ४ इंची, म्हणजे १०० मिमीचा चालतो, चकतीचं भोक १६ मिमी. चकतीवर कमाल वेग छापलेला असतो. ८० मीटर प्रति सेकंदाच्या चकतीला तो मिनिटाला सुमारे १५,३०० फेरे येतो, आणि ग्राइंडरचा वेग त्याच्या खालीच हवा. भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर मुदतीचं साल असतं. उघड्या खोक्यातून सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या चकत्यांवर ते नक्की बघा. गार्ड काढून ५ इंची चकती बसवणारे आणि ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणारे कारागीर तुम्हाला रोज दिसतील. त्यांची बोटंही मोजून बघा. कापायची चकती बाजूने घासायला वापरू नये, ती फुटते. सोडलं की बंद होणारा पॅडल स्विच मिळाला तर तोच घ्या, अडकवून ठेवायचा खटका नको.

डोळे, धूर, आग

ऑटो-डार्क, म्हणजे आर्क लागताच काच आपोआप काळी होणारं, हेल्मेट घ्या आणि आपल्या करंटला शेड (काचेचा काळेपणा) १० किंवा ११ लावा. काळा गॉगल चालत नाही, मान वळवून डोळे मिटणं तर नाहीच. आर्क लागलेले डोळे लगेच दुखत नाहीत. सहा-बारा तासांनी, म्हणजे नेमके मध्यरात्री, वाळू गेल्यासारखे चुरचुरतात. बटाट्याचे काप ठेवण्याचा उपाय सगळ्यांना माहीत असतो, पण जायचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे. घरं भिंतीला भिंत लागून असतील तर कामाभोवती ताडपत्रीचा आडोसा करा. शेजारची मुलं ठिणग्या बघायला हमखास जमतात.

कपडे सुती, बूट बंद, हातमोजे चामड्याचे. टेरिकॉटची पँट ठिणगीने नुसती जळत नाही, वितळून कातडीला चिकटते. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेला, जोडायचा असेल तर टाक्याच्या दोन्ही बाजूंचं जस्त आधी घासून काढा आणि मोकळ्या हवेत काम करा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. क्लोरीनवाल्या क्लीनरने पुसलेल्या भागावर आर्क लावायचाच नाही, त्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. कुलरचा स्टँड दुरुस्त करताना कुलर बाजूला काढा. त्याचे गवताचे वाळलेले पॅड एका ठिणगीत पेटतात. पाण्याची बादली जवळ असू द्या, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच घुटमळा.

खरेदीच्या दिवशी

सियागंज आणि महाराणी रोड सकाळी गर्दी व्हायच्या आत गाठा. रॉड, चकत्या, हेल्मेट, हातमोजे आणि केबल यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेल्यात मशीन बसवा. उलट केलंत तर हेल्मेटच्या जागी काळी काच येते. दुकानात मशीन चालवून दाखवा म्हणा. आपल्याकडचा पाइपचा तुकडा आणि १२ नंबरचा रॉड खिशात असू द्या. ७५ अँपिअरवर आर्क सहज धरतो का, पंखा नीट फिरतो का, नॉब फिरवल्यावर आवाज बदलतो का, एवढं बघितलं तरी पुरे. ड्रिलच्या चकमध्ये सरळ बिट लावून फिरवा. टोक डगमगत असेल तर दुसरा नग मागा.

पक्कं बिल मागा. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या मशीनची वॉरंटी त्या चिठ्ठीएवढीच. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, आणि दुरुस्ती इंदुरात होते की मशीन बाहेर पाठवावं लागतं, हे दुकानदाराला नव्हे, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन करून तिथेच उभं राहून विचारा. “सब यहीं हो जाएगा भिया” हे उत्तर प्रत्येक दुकानात मिळतं.

परतताना लोहामंडीतून १४ गेजच्या पाइपचे भंगारातले तुकडे पाच-सहा किलो उचला. पहिले दोन पुडे त्यांच्यावरच संपवायचे: टाका मारायचा, करवतीने मधून कापायचा, आत किती शिरलाय ते बघायचं, आणि करंट पाच अँपिअरने हलवून पुन्हा मारायचा. कुलरचा स्टँड त्यानंतर.